साहेब विहिरीत डोकावतात

१७ मार्च १९९७, सोमवार

आज साहेब दिवसभर उभे होते.

हे वाक्य लिहिलं आणि थांबले, कारण 'दिवसभर' मी पाहिलेलं नाही. दुपारी मी पुलापलीकडे अष्टमी गावात आत्याकडे जेवायला गेले होते. तेवढ्या वेळात ते बसले असतील तर मला माहीत नाही. तेव्हा असं लिहिते: मी पाहिलं तेवढा वेळ साहेब उभे होते.

ही खोड बाबांनी लावलेली. आमचं गाव पेणच्या खारेपाटात, शाळा खाडीपलीकडे आणि होडी भरतीच्या मर्जीवर. म्हणून चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं, म्हणजे मिठागराच्या बांधावर. त्यांचा नियम एकच होता. डोळ्यांनी पाहिलं तर 'आहे' लिहायचं, कानांनी ऐकलं तर 'म्हणतात' लिहायचं, दोन्ही नसेल तर पाटी कोरी ठेवायची. या नियमामुळे बी. ए.ला माझे निबंध सगळ्यांत छोटे असायचे.

संक्रांतीपासून मी आमदार हैबतरावांच्या रोह्याच्या कार्यालयात लिखापढी करते. साहेब विरोधी बाकावरचे. विधानसभेत मांडायचं ते बोलतात, मी नीट लिहून काढते. बाबा म्हणाले, अधिवेशन संपेपर्यंत बघू, नाही जमलं तर घरी ये, स्थळं बघायला लागतो. साहेबही म्हणाले, अधिवेशन संपेपर्यंत बघू. दोघांच्या तोंडी एकच वाक्य आल्यापासून मला नीट जेवण जात नाही.

आज सकाळी आल्या आल्या साहेबांनी रस्त्यांचं भाषण बाजूला ठेवायला सांगितलं. आता विषय मोकाट कुत्र्यांचा. लक्षवेधी सूचना द्यायची, म्हणजे तातडीचा प्रश्न म्हणून मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावंच लागतं. मला नवल वाटलं. गेल्याच महिन्यात नाक्यावरच्या सभेत साहेब म्हणाले होते की हैबतरावाला बघून कुत्रंसुद्धा रस्ता सोडतं. टाळ्या मी स्वतः ऐकल्या आहेत.

विषय बदलण्याचं कारण विचारलं. म्हणाले, "आतून आलं."

१८ मार्च, मंगळवार

कार्यालयात आता कुणीच बसत नाही. साहेब उभे, म्हणून कार्यकर्ते उभे. अर्ज घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ बाकावर टेकले होते, तेही आजूबाजूला बघून उठले. मी काल बसून लिहीत होते हे आठवून मला घाम फुटला. साहेब बोलत नाहीत, पण नाराज असणार. आज मी कपाटाच्या डोक्यावर कागद ठेवून उभ्याने लिहिलं. अक्षर फार वाईट आलं.

ड्रायव्हर हिरामण म्हणाला, "ताई, तुम्ही बसा. त्यांचं वेगलं हाय."

वेगळं म्हणजे काय, विचारलं. तो जीप पुसायला गेला. जीप धुतलेलीच होती.

साहेबांनी मजकूर सांगितला: हजारो नागरिक जखमी, सर्वत्र हाहाकार, सगळी कुत्री ताबडतोब मारून टाका. हजारो आपण पाहिले आहेत का, असं मी भीत भीत विचारलं.

"एक तरी नक्की पाहिलाय."

नाव विचारलं तर ते कॅलेंडरकडे बघू लागले. मी 'हजारो' खोडून 'काही नागरिक, असे म्हणतात' केलं. साहेब म्हणाले, बाय, तू विरोधी पक्षात आहेस की सरकारात?

२० मार्च, गुरुवार

आज पेणला. सूचना टंकलिखित करायची होती आणि साहेबांची तिथे मीटिंग होती. साहेब जीपच्या मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसले, तोंड मागच्या काचेकडे करून. रोह्यापासून पेणपर्यंत तसेच. मी विचारण्याआधीच म्हणाले, "मतदारसंघाचा मागे पडलेला भाग बघायला हवा." खड्डा आला की हिरामण आरशात बघून माफी मागत होता. एवढा नम्र ड्रायव्हर मी पाहिलेला नाही.

मला टायपिंगवाल्याकडे सोडून साहेब एकटेच एका गल्लीत गेले. परतले तेव्हा दंड चोळत होते. मीटिंगमध्ये काय ठरलं विचारलं, तर म्हणाले, पुढची तारीख ठरली.

मग सरळ परत न येता गागोदे बुद्रुकला गेलो, विहीर बघायला. आमच्या गावात विहीर नाही. खणली तरी खारं पाणी लागतं. पिण्याचं पाणी आम्ही लांबून आणतो. त्यामुळे विहिरीपाशी कसं वागतात याचा मला अनुभव नाही. साहेबांनी चपला काढल्या, काठावर दोन्ही हात टेकले, हळूच वाकले आणि आत बघत राहिले. ओठ हलत होते. पाण्याच्या प्रश्नाने ते इतके हलले आहेत हे मला माहीत नव्हतं.

पाणी भरणाऱ्या दोघींनी पदर तोंडाला लावला. त्यांतली थोरली म्हणाली, "कधी?"

"रविवारी," साहेब म्हणाले.

"बरं होईल हो," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं: गागोदे, रविवारपर्यंत पाण्याचं काम. इतक्या लवकर कसं होणार ही काळजी परतीच्या वाटेवर सुटेना. वाटेत आणखी दोन विहिरी पाहिल्या.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी हौसाकाकी आली. आमच्या शेजारची, मिठागरावर मीठ ओढायला जाते. तिच्या पोटरीला कुत्रं चावलंय, दोन दिवस झाले. जवळच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं की लस संपली, कधी येईल ठाऊक नाही. नवरा म्हणतो, हळद लाव. ती मला जखम दाखवत होती आणि मी, देवा, मी आधी मनात म्हणाले की हा 'आहे' मिळाला. मग स्वतःचीच लाज वाटून आत साहेबांकडे धावले.

साहेबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाहेर चार गावांचे लोक थांबले होते. साहेब म्हणाले, "हिरामण, जीप काढ. आत्ता." आणि स्वतः निघाले. मी म्हटलं, मी नेते काकीला, आपण लोकांना भेटा. म्हणाले, डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे, नवा आहे, पण ओळख दाट झालीय.

पेणला दोघं त्याच गल्लीत गेली. बाहेर आली ती हसत. काकीच्या डोळ्यांत हसून पाणी. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "तुजा सायेब लय धीराचा हाय गो. मीच त्याचा हात धरला व्हता."

लोकांची दुःखं पाहून साहेब हळवे होतात, हे खरंच.

परत येताना खांब गावच्या विहिरीवर थांबलो. काकीही डोकावली, साहेबांच्या शेजारी उभी राहून, पदर सावरून. तिचं माहेर आत डोंगराकडचं आहे, तिला विहिरींची आवड असणार. दोघांनी एकदमच मान वर केली. मी या वेळी सुतळीला दगड बांधून नेला होता, पाण्याची खोली मोजून घेतली. खांबचे लोक माझ्याकडेच बघत होते.

काकीने कागदात नाव घालायला परवानगी दिली. मात्र 'सगळी कुत्री मारा' हे तिला पटलं नाही. आमच्या मिठागरावरचा काळू चोरांना जवळ येऊ देत नाही, त्याला कशाला मारता, असं तिने साहेबांना तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, मग काय करू. ती म्हणाली, "मना टोचला तसा त्यालाव टोचा."

साहेबांनी मला ते लिहून घ्यायला लावलं. मारण्याचं वाक्य खोडलं. कुत्र्यांना लस टोचावी, त्यांची पैदास शस्त्रक्रियेने रोखावी, आणि माणसांसाठीची लस प्रत्येक सरकारी दवाखान्यात असावी, अशी मागणी केली. आता सूचना वाचताना मला माझाच अभिमान वाटतो. हे लिहू नये, पण पाहिलंय म्हणून लिहिते.

२४ मार्च, सोमवार, धुळवड

फार अपमान झाला. शिमग्याची सोंगं नाचत साहेबांच्या अंगणात आली. त्यांत एक हैबतराव होता: पांढरा सदरा, काळा चष्मा, कोळशाच्या मिशा. दुसऱ्या पोराने कमरेशी टोपलं धरून विहीर केली होती. हैबतराव त्या विहिरीत डोकावायचा, आणि मागून तिसरा चार पायांवर भुंकत यायचा. ढोल वाजला की हैबतराव दोन्ही हात मागे धरून उडी मारायचा. अख्खी आळी लोळत होती.

मी पुढे होऊन म्हटलं की पाणीप्रश्नाची थट्टा करू नका, साहेब गावोगाव उन्हात फिरतायत. त्यावर आणखी हशा झाला. काशीबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, दाराची चौकट धरून हसत खाली बसल्या. साहेब कानांपर्यंत लाल. पण त्यांनी सोंगाला नारळ आणि पोस्त म्हणून पैसे दिले, आणि हळूच विचारलं, "कुणी सांगितलं रे?"

कोळशाच्या मिशा म्हणाल्या, "कुनी कशाला सांगाया होवा? गागोद्यापास्ना खांबापरत विहिरीच सांगतात."

२६ मार्च, बुधवार

हौसाकाकी पुन्हा आली, आणि या वेळी रडत. तिच्या मुलीचं, जनीचं, लग्न ठरतंय, मुलाकडचे रविवारी येणार. कागदावर नाव आलं, पेपरात छापून आलं, तर ते म्हणतील पिसाळलेल्या घरची पोर.

"मना नको गो त्या कागदान. तुज्या पाया पडते."

मी तिला पाया पडू दिलं नाही. नाव काढते असा शब्द दिला. आणि ती गेल्यावर भिंतीला टेकून उभी राहिले, कारण तिच्या नावाशिवाय सूचनेत काहीच उरत नाही. बाकी सगळी 'म्हणतात'. चावलेल्या इतरांकडेही मी गेले होते. एकजण म्हणाला काटा लागला. एकजण म्हणाला सायकलची साखळी. पायावर दातांचे व्रण होते, पण तो साखळी म्हणाला तर मी कुत्रं कसं लिहू?

मंत्री विचारतील, एक नाव सांगा. साहेब गप्प राहतील. सगळं सभागृह हसेल, लस येणार नाही, आणि काकीसारखी पुढची बाई हळद लावून घरी बसेल. सगळं माझ्या एका शब्दामुळे.

साहेबांना सांगितलं. ते खिडकीशी उभे होते.

"तिला शब्द दिलास?"

"हो."

"मग खोड."

मंत्र्यांनी नाव विचारलं तर, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, एक नाव आहे माझ्याकडे. पण ते वापरायची वेळ येऊ नये.

म्हटलं, मला एकदा त्या माणसाला बघता येईल का, खात्री करून घेण्यापुरतं.

साहेब म्हणाले, "बाय, तुझ्यासारखी मुलगी पोलिसात नाही हे चोरांचं नशीब."

ही शाबासकी की टोमणा, अजून ठरत नाहीये.

२९ मार्च, शनिवार

लक्षवेधी मंजूर झाली. बुधवारी लागणार. मला प्रेक्षक गॅलरीचा पास मिळणार आहे.

हात रिकामे नकोत म्हणून 'पेण व रोहा परिसरातील विहिरींची स्थिती' असा अहवाल तयार केला. पाहिलेली प्रत्येक विहीर, पाण्याची खोली, गाळ, काठाची डागडुजी. काशीबाईंना वाचायला दिला. पहिल्या पानावरच त्यांना ठसका लागला आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "छान लिहिलंस गो. अजून एक राहिली, अष्टमीतली. तीपण घे."

त्यांना एकच राहिल्याचं कसं कळलं? साहेब घरी सगळं सांगत असतील. असं घर मिळायला भाग्य लागतं.

२ एप्रिल, बुधवार, मुंबई

क्रमाने लिहिते.

मंत्र्यांनी निवेदन वाचलं. सन्माननीय सदस्यांच्या भागातून श्वानदंशाची एकही नोंद नाही, अहवाल निरंक आहे, लसही पुरेशी आहे. मग चष्मा काढून ते म्हणाले, सदस्यांनी एक नाव सांगावं, फक्त एक.

साहेब उभे होते. त्यांच्या हातातला कागद मीच लिहिलेला, आणि त्यात नाव नव्हतं. समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, हैबतरावांना बघून तर कुत्रं रस्ता सोडतं ना. हशा झाला. नाक्यावरचं भाषण इथपर्यंत पोचलं होतं. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. मला बाबांचा नियम दिसत होता, पाटी कोरी ठेवायची, आणि पहिल्यांदाच मला त्या नियमाचा राग आला.

मंत्री म्हणाले, नाव नसेल तर खाली बसावं. सगळे बाक ओरडू लागले, बसा, बसा. अध्यक्षांनी घंटा वाजवली.

"सदस्यांनी कृपया खाली बसावे."

साहेबांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"अध्यक्ष महाराज, बसता आलं असतं तर ही लक्षवेधी मी मांडलीच नसती."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मागच्या बाकावर कुणीतरी फुटलं, आणि पुढचं काही ऐकूच येईना. अध्यक्षांनी तोंडासमोर कागद धरला. मंत्री पाणी प्यायला गेले आणि त्यांना ठसका लागला. आणि मी, मला जीपची मागची सीट आठवली, मग दंड, मग कपाट, मग गागोद्याच्या बाईचं 'कधी?', मग कोळशाच्या मिशा, सगळं एकदम, क्रम सोडून. मी इतक्या जोरात हसले की गॅलरीतला शिपाई धावत आला. गॅलरीत हसायला बंदी आहे. मी तोंडात रुमाल कोंबला.

हसू ओसरेपर्यंत साहेब थांबले. मग शांतपणे बोलले. सोळा मार्चला, रविवारी पहाटे, अष्टमीच्या पुलावर मला कुत्रं चावलं, कुठे ते सभागृहाने ताडलंच आहे. सरकारी दवाखान्यात लस नव्हती. मी आमदार, माझ्याकडे जीप, म्हणून पेणच्या खाजगी डॉक्टरकडे गेलो. ज्या बाईकडे जीप नाही, तिने काय करायचं? आणि तुमची नोंद निरंक का, तर चावलेला माणूस लाजतो. मी लाजलो. मी दोन आठवडे उभा राहिलो, पण बोललो नाही.

सत्ताधारी बाकावरून प्रश्न आला, मग सगळी कुत्री मारायची का?

"नाही. मलाही सुई, त्यालाही सुई," साहेब म्हणाले. "आमच्या भागातल्या एका शहाण्या बाईचं हे धोरण आहे. नाव विचारू नका, शब्द दिलाय."

मंत्र्यांनी आठ दिवसांत लस पोचवण्याचं आश्वासन दिलं, कुत्र्यांच्या लसीकरणाची योजना मांडू म्हणाले, आणि आपणहून विचारलं, आता बरं आहे का. समोरच्या बाकांनीही बाकं वाजवली.

५ एप्रिल, शनिवार, रोहा

काशीबाईंनी आज सगळं सांगितलं. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं, मग विष उतरतं, अशी इकडची रीत आहे. आतल्या गावांतल्या पोरासोरांना ठाऊक आहे. फक्त खारेपाटातल्या मला ठाऊक नव्हती.

"अगो, मी त्यांना सांगितलं, इंजेक्शनं तुमची, विहिरी माझ्या. दोन्ही करायचं, नायतर स्वयंपाक बंद."

विहिरींनी विष उतरतं याचा पुरावा आहे का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, असं म्हणतात. मी वहीत तसंच लिहून घेतलं.

मी अहवाल फाडायला घेतला तर साहेबांनी हातातून काढून घेतला. गागोद्याच्या विहिरीत गाळ आहे हे खरं की खोटं? खरं. खांबचा काठ खचलाय हे डोळ्यांनी पाहिलंस? पाहिलं. मग फाडतेस कशाला, म्हणाले, पुढच्या अधिवेशनाला हाच घेऊ.

'पुढच्या अधिवेशनाला' हे शब्द मी पुन्हा म्हणवून घेतले. दोनदा. मग आत्याकडे निघाले तेव्हा पुलावर मी पळत होते. रस्त्यावर लोक होते.

८ एप्रिल, मंगळवार, पाडवा

बाबा आले होते, हौसाकाकीला घेऊन. लस आली आहे. काकीने दवाखान्यात स्वतः बाटल्या पाहिल्या, म्हणून 'आहे'. जनीचं जमलं. मुलाकडच्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, आणि मुलाच्या मामालाही गेल्या वर्षी कुत्रं चावलं होतं असं निघालं. त्यानेही तेव्हा सायकलची साखळी सांगितली होती.

काकीने साहेबांना विचारलं, शेवटच्या सुईला एकदमच जायचं का. साहेब म्हणाले, हात धरशील तर येतो.

बाबा साहेबांना म्हणाले, पोरीने काय चूक केली तर सांगा. साहेब म्हणाले, एकच, ती विचारते. बाबा फार खूश झाले. जाताना मला म्हणाले, "रहा गो बाय हितंच."

गुढी उभारून झाल्यावर काशीबाईंनी श्रीखंड वाढलं. आणि साहेब सगळ्यांसमोर खुर्चीजवळ गेले, हात टेकले, आणि बसले. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तेही धडाधड बसले.

आज साहेब बसले. खाली दोन उशा होत्या, हेही लिहायला हवं.